टीचरच्या दगडावरची मोकळी जागा

"मधला शब्द सांगा लवकर, सिमेंट कुणासाठी थांबत नाही," झेफरिन म्हणाला.

कॅन्यूट लेंडोरच्या अंगणात तो उकिडवा बसला होता. पुढ्यात लाकडी साचा, साच्यात थापून गुळगुळीत केलेलं ओलं सिमेंट आणि हातात टोकदार खिळा. कॅरियाकू बेटावरच्या विंडवर्ड गावात गेली तीस वर्षं थडग्यांचे दगड तोच करत आला होता. दगड कसला, सिमेंटची लादीच ती. पण गाव तिला दगड म्हणायचं. वरच्या ओळीत 'युफेमिया लेंडोर' हे नाव कोरून झालं होतं. खालच्या ओळीत 'आपलं काम, याच बेटावर' हेही झालं होतं. इंग्रजीत क्रियापद मधे येतं. ते तेवढं राहिलं होतं आणि ते त्या दिवशी सकाळी शेळीने खाल्लं होतं.

युफेमियाबाई म्हणजे गावाच्या टीचर युफी. चाळीस वर्षं त्यांनी गावच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. शेवटच्या आजारात अंथरुणावर उठून बसून त्यांनी स्वतःच्या हाताने एक चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि नवऱ्याच्या हातात दिली. "माझ्या दगडावर पूर्ण वाक्य पाहिजे," त्या म्हणाल्या होत्या. "शांती लाभो बिभो नको. ते वाक्य नाही, ती नुसती इच्छा आहे." कॅन्यूटने ती चिठ्ठी बिस्किटांच्या डब्यात ठेवली आणि पाच वर्षं उघडली नाही. उघडली की दगड करावा लागणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आज उघडावीच लागली. डब्यातून काढून पायरीवर ठेवली, वर खडा ठेवला आणि तो चष्मा शोधायला लागला. तेवढ्यात त्याच्याच शेळीने उजवा कोपरा खाल्ला. नेमका तिथेच, पहिल्या ओळीच्या शेवटी, तो शब्द होता. खोटं कशाला बोला, कॅन्यूटने शेळी पाहिली होती. हाकलायला वेळही होता. पण तो उठला तो सावकाश उठला.

"शेळी कापली तर सापडेल का?" झेफरिनने विचारलं.

"चार तासांत पचतं सगळं," कुंपणापलीकडून नर्स पर्लीन कुजो म्हणाली. ती दवाखान्यात निघाली होती, पण गर्दी दिसली म्हणून थांबली होती.

कॅन्यूट म्हणजे सदुसष्ट वर्षांचा माणूस, होड्या बांधून हात लाकडासारखेच झालेले. दगड लांबवायला त्याच्यापाशी पाच वर्षांत कारणांची ददात नव्हती. कधी पाऊस नाही, मका आला नाही. कधी पाऊस फार. कधी झेफरिनचा गुडघा. खरं कारण गावात कुणालाच सांगितलं नव्हतं.

कॅरियाकूत माणूस मेला म्हणून लगेच जात नाही. पुरलं, रडून झालं, तरी दगड बसेपर्यंत तो इथेच घुटमळतो. स्वप्नात येतो, उकडलेला मका मागतो, रमचा घोट मागतो, कुणाचं भांडण मिटवायला सांगतो. दगड बसला, जेवणावळ उठली, की मग तो मोकळा झाला. आणि टीचर युफी रोज येत होती. दुपारी जेवून कॅन्यूट किनाऱ्यावरच्या अर्ध्या बांधलेल्या होडीच्या सावलीत आडवा झाला की ती छत्री मिटून फळीवर बसायची आणि त्याच्या चुका काढायची. दिवसातला तेवढा अर्धा तास हाच त्याचा संसार होता. दगड बसला की तो अर्धा तासही जाणार होता.

पण या वेळी कारण चालणार नव्हतं. थोरली मेहुणी ऑर्डिलिया इंग्लंडातल्या हडर्सफील्डहून आली होती. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात चौतीस वर्षं तिने पाचशे माणसांचं जेवण वेळेवर काढलं होतं. तिने उतरल्या उतरल्या बोट उगारून सांगितलं होतं, "रविवारी माझं विमान. शनिवारी दगड. बोकड सांगून ठेव."

आता ती हातातला रुमाल हलवत पुढे आली. "एवढं काय त्यात? फिनिश लिही. युफीने आपलं काम फिनिश केलं. हडर्सफील्डला सगळे फिनिशच म्हणतात."

"माफ करा, ताई," रस्त्यावरून आवाज आला. कस्टमचे मॅग्नस क्वाशीसाहेब, इस्त्रीचा गणवेश, काखेत फायली. "फिनिश हा घाईचा शब्द आहे. माणूस पळत पळत फिनिश करतो. कम्प्लीट पाहिजे. कम्प्लीट म्हणजे एकही रकाना रिकामा नाही. टीचरनी स्वतः मला शिकवलंय."

"आणि मला काय शिकवलं?" नर्स कुजोने फाटक उघडलंच. "एंड! दरवर्षी जुलैत त्या फळ्यावर लिहायच्या. परीक्षा एंड होते, पेपर फिनिश होतो, अभ्यास कम्प्लीट होतो."

"आणि काम?"

"काम एंडमध्ये यायचं."

"काम कम्प्लीटमध्ये यायचं! मी पहिल्या बाकावर होतो."

"पहिल्या बाकावर तुम्ही होता कारण मागे बसवलं की तुम्ही झोपायचात, मॅग्नस," नर्स म्हणाली.

क्वाशीसाहेबांनी फायली दुसऱ्या काखेत घेतल्या. "दवाखान्यात पेशंट गेला की तुम्ही एंड म्हणता, म्हणून तुम्हाला तो शब्द आवडतो."

"मुळीच नाही. एकदा मी एका बाईला सांगितलं की तुमच्या यजमानांचं फिनिश झालं. प्लॅस्टर फिनिश झालं म्हणायचं होतं. बाई तिथेच आडवी. तेव्हापासून मी तो शब्द तोंडातूनच काढत नाही."

झेफरिन खिळा धरून एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. "मला विचाराल तर," तो हळूच म्हणाला, "मी डन लिहिलं असतं."

"डन?" तिघांनी एका सुरात विचारलं.

"का? आपण सगळं डनच तर म्हणतो. जेवून डन, झोपून डन, मरून डन. एक शब्द, सगळ्याला पुरतो."

"झेफरिन," ऑर्डिलिया म्हणाली, "या शब्दासाठी माझ्या बहिणीने तुला किती छड्या मारल्या?"

"बावीस," झेफरिन मान खाली घालून म्हणाला. "त्या म्हणायच्या, डन फक्त भात होतो."

मग काय विचारता! बातमी टेकडी चढून गेली आणि उतरूनही आली. कुंपणाशी वीस-पंचवीस माणसं जमली आणि प्रत्येक जण टीचरचा विद्यार्थी. तो जुलैतला फळा प्रत्येकाला लख्ख आठवत होता. फक्त काम कुठल्या शब्दाखाली होतं ते प्रत्येकाला वेगळं आठवत होतं. ज्याने ज्या शब्दावर छडी खाल्ली होती, त्याला तोच शब्द जिवाभावाचा झाला होता. मासे आणायला निघालेली माणसं रिकाम्या टोपल्या घेऊन तावातावाने बोलत होती. डन म्हणणारेही बरेच होते, पण ते मागच्या रांगेत उभे राहून म्हणत होते.

कॅन्यूटने स्वतःहून एकही शब्द सुचवला नाही. त्याला प्रत्येकाचं पटत होतं. "तुझंही बरोबर आहे," असं तो क्वाशीसाहेबांना म्हणाला, नर्सला म्हणाला, टोपलीवाल्याला म्हणाला, आणि त्यामुळे वाद आणखी चांगला पेटला.

शेवटी झेफरिनने मोकळ्या जागेवर अंगठा दाबून पाहिला. ठसा उमटला नाही. त्याने पुन्हा दाबला. मग खिळा खिशात घातला आणि उठून गुडघे झटकले.

"बसला," तो म्हणाला. "आता भांडा निवांत."

दगड घट्ट झाला होता. वर नाव, खाली काम, मधे वीतभर जागा कोरी. लोकांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. आपण काय करून बसलो ते सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. टीचर युफीच्या दगडावर वाक्य अपुरं, तेही इंग्रजी!

"छिन्नीने कोरता येईल," झेफरिन म्हणाला, "पण एकदाच. खोडून दुसरा कोरायचा म्हणाल तर दगड तडकेल, आणि मग माझ्या नावाने ओरडायचं नाही."

बुधवारी सकाळी ऑर्डिलियाने डोकं चालवलं. कॅन्यूटला न्याहारीला वाढता वाढता ती म्हणाली, "तिलाच विचारू या की. तुझ्या स्वप्नात येते म्हणतात."

कॅन्यूटचा घास हातातच राहिला. "कोण म्हणतं?"

"झोपेत बोलतोस, सगळा किनारा ऐकतो. कितीदा येते?"

"रोज. रविवार सोडून."

"रविवारी का नाही?"

"सुट्टी असते तिला."

ऑर्डिलियाने हे अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं. "मग आज दुपारी विचार. एवढा एकच शब्द. उठल्यावर आम्हाला सांग."

दुपारी गावाने असा बंदोबस्त ठेवला की राजाला झोपवायचं असतं तरी एवढा ठेवला नसता. क्वाशीसाहेबांनी वळणावर उभं राहून येणाऱ्या गाड्यांना भोंगा वाजवायची बंदी केली. नर्सने सगळे कोंबडे वरच्या आळीला हाकलून लावले. एका म्हातारीला खोकला होता, तिला खडीसाखर देऊन गप्प बसवलं. बिचारा कॅन्यूट होडीखाली आडवा झाला तेव्हा तीस पावलांवर सगळं गाव श्वास रोखून उभं होतं. तशातही त्याला झोप लागली.

ती आली. छत्री मिटली, फळीवरची धूळ फुंकून बसली. "टोपी उलटी घातलीयस," ती म्हणाली.

कॅन्यूटने टोपी सरळ केली. आता विचारायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. पण तिने उत्तर दिलं की शनिवारी छिन्नी चालणार आणि रविवारी सुट्टी संपल्यावर सोमवारी ती यायची नाही, हे त्याला झोपेतही कळत होतं. "तुझे पाय दुखायचे ना," तो म्हणाला, "अजून दुखतात?"

"नाही रे. आता उभं राहावं लागत नाही. शर्टाचं बटण तुटलंय तुझ्या."

तो उठला तेव्हा तीस पावलांचं अंतर तीन पावलांवर आलं होतं.

"काय म्हणाली?" ऑर्डिलियाने विचारलं.

"टोपी उलटी आहे म्हणाली."

"आणि शब्द?"

"तो... विचारायचा राहिला."

लोकांनी कपाळाला हात लावला. क्वाशीसाहेब म्हणाले, होतं असं, तोंडी परीक्षेत माझंही व्हायचं. गुरुवारी पुन्हा तोच थाट, तेच कोंबडे, तीच खडीसाखर. या वेळी कॅन्यूट उठला तो चेहऱ्यावर उत्तर तयार ठेवूनच उठला.

"विचारलं. ती म्हणाली, विचार करून सांगते. पुढच्या महिन्यात."

ऑर्डिलिया त्याच्याकडे बघतच राहिली. "कोण म्हणाली? युफी? इंग्रजीबद्दल? विचार करून सांगते?"

मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. नर्स कुजोने मान हलवली. टीचर युफीला उत्तर माहीत नाही, हे त्या गावात दोन वर्षांचं पोरही मानणार नव्हतं. लोक हळूहळू पांगले. कॅन्यूटचा चेहरा इतका पडला होता की कुणी त्याला टोमणाही मारला नाही.

संध्याकाळी दोघं ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. शनिवारच्या जेवणाला दाणे लागणार होते.

"कॅन्यूट, तू माझ्याशी खोटं बोललास," ऑर्डिलिया म्हणाली. "लग्नाच्या आधीही एकदा बोलला होतास, होडी तुझी स्वतःची आहे म्हणून. तेव्हाही तुझे कान असेच लाल झाले होते."

कॅन्यूटने हातातली शेंग खाली ठेवली. "ताई, दगड बसला की ती जाईल."

"जायलाच पाहिजे. प्रत्येक जण जातो."

"मग मी दुपारी काय करू?" तो म्हणाला. "सकाळी हातात रंधा असतो. संध्याकाळी कुणी ना कुणी हाक मारतं. पण दुपारी जेवण झाल्यावर ह्या घरात भांडी वाजली तरी मला दचकायला होतं. तेवढा वेळ ती येते. टोपी सरळ कर म्हणते. मला दुसरं काही नको. गाव म्हणतं कॅन्यूट आळशी, एक दगड बसवत नाही. म्हणू दे."

ऑर्डिलियाने गळ्यातल्या रुमालाच्या टोकाने डोळे टिपले. मग एकदम भडकली.

"आणि मी?" ती म्हणाली. "तिची वेणी मी घातलीय. शाळेत पहिल्या दिवशी हात धरून मी नेलंय तिला. पाच वर्षं हडर्सफील्डला उशाशी तिचा फोटो ठेवून झोपते मी, आणि एकदा, एकदासुद्धा आली नाही ती! का येईल? ती इथे तुझ्या होडीखाली अडकलीय, तुझी टोपी सरळ करत. त्या नर्सला विचार, त्या मॅग्नसला विचार. चाळीस वर्षं सगळ्या गावाला शिकवलं तिने. तू एकट्याने शिकवणी लावलीयस."

हा विचार कॅन्यूटच्या मनाला कधी शिवलाच नव्हता. टीचर आपली, दुःख आपलं, एवढंच तो धरून बसला होता. तिच्यासाठी आणखी कुणी उशीवर वाट बघत असेल, हे त्याला आत्ता, दाण्यांनी भरलेली परात मांडीवर असताना, पहिल्यांदा दिसलं. त्याला फार लाज वाटली.

"शनिवारी बसवू," तो म्हणाला.

"शब्द?"

"बसवू म्हटलं ना."

शुक्रवारी क्वाशीसाहेबांनी मतदान घेतलं. मतपेटी म्हणून कस्टमच्या जकातीचा डबा आणला. फिनिशला एकोणीस, कम्प्लीटला एकोणीस, एंडला एकोणीस, आणि डनला सत्तावीस, कारण मत गुप्त होतं. हा निकाल जाहीर करायची क्वाशीसाहेबांची छाती झाली नाही. मतदान बाद ठरवलं आणि शब्द शनिवारी थडग्याशीच ठरवू, असं सांगून ते घरी गेले.

शनिवारी सकाळी बेटाच्या रिवाजाप्रमाणे दगड टीचरच्याच पलंगावर झोपवला होता, अंगावर पांढरी चादर. एकेक माणूस आत यायचा, रमचे आणि पाण्याचे चार थेंब शिंपडायचा आणि दोन शब्द बोलून बाहेर पडायचा. नर्स कुजो बराच वेळ काही पुटपुटत राहिली. क्वाशीसाहेब आत गेले ते ताठ उभे राहिले आणि "गुड मॉर्निंग, टीचर," म्हणाले. झेफरिनने हात पाठीमागे लपवूनच चादरीपुढे मान लववली. बाहेर चुलींवर बोकड शिजत होता, मक्याच्या पिठाचे गोळे वळले जात होते, ढोलकी तापवणं चाललं होतं. टेबलावर टीचरसाठी वेगळं ताट वाढून ठेवलं होतं आणि त्याला कुणी हात लावत नव्हतं.

मग आठ माणसांनी दगड उचलला आणि टेकडीवर नेला. ढोल वाजत होते, बायका गात होत्या आणि कॅन्यूट सगळ्यात मागे चालत होता. थडग्याच्या उशाशी खड्डा तयार होता. दगड उभा केला, माती दाबली. चादर काढली तेव्हा ती मोकळी जागा उन्हात अशी काही लखलखली की पुढच्या रांगेतल्यांनी नजर वळवली.

झेफरिनने छिन्नी आणि हातोडा काढला. "आता शेवटचं विचारतो. काय कोरू?"

"फिनिश," ऑर्डिलिया म्हणाली.

"कम्प्लीट."

"एंड. ऐका माझं."

मागच्या रांगेत नुसती खाकरण्याची लाट उठली.

कॅन्यूट माणसांतून वाट काढत पुढे आला. त्याने आपला रुंद तळवा त्या मोकळ्या जागेवर ठेवला. जागा त्याच्या हाताखाली बरोबर झाकली गेली.

"राहू दे," तो म्हणाला.

"राहू दे म्हणजे?" क्वाशीसाहेब म्हणाले. "कॅन्यूटभाऊ, वाक्य अपुरं आहे! टीचरच्या डोक्याशी अपुरं वाक्य! जन्मभर त्यांनी..."

"म्हणूनच," कॅन्यूट म्हणाला. "दगड बसला. ती मोकळी झाली. तिला आता मी धरून ठेवणार नाही, जिथे जायचं तिथे जाऊ दे. पण हे असं वाक्य तिला बघवायचं नाही. कितीही लांब गेली तरी एकदा येईल दुरुस्त करायला."

नर्स कुजोचा हुंदका ऐकू आला आणि त्याच वेळी कुणालातरी हसू फुटलं. झेफरिनने हातोडा पिशवीत टाकला. ऑर्डिलिया पुढे झाली आणि तिने रमची बाटली कॅन्यूटच्या हातात दिली. त्याने दगडावर रम ओतली, मग पाणी ओतलं, आणि सगळे जेवायला खाली उतरले.

रविवारी ऑर्डिलिया गेली. सोमवारी कॅन्यूट लवकर जेवला, नवा शर्ट घातला, मुद्दाम एक बटण उघडं ठेवलं, टोपी मुद्दाम उलटी घातली आणि होडीखाली आडवा झाला. झोप लागली. गाढ, स्वच्छ झोप. तिच्यात कुणीही आलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी त्याने टोपी सरळ घातली आणि झोपलाच नाही, नुसता समुद्राकडे बघत पडून राहिला.

गुरुवारी सकाळी क्वाशीसाहेब फाटकाशी उभे. गणवेश होता, पण इस्त्री नव्हती.

"आल्या होत्या," ते म्हणाले. "माझ्याकडे! खुर्चीवर बसल्या, माझी फाईल उघडली. म्हणाल्या, मॅग्नस, कम्प्लीट? चूक. पुन्हा लिही. आणि गेल्या."

कॅन्यूटने त्यांना आत बसवलं, कोको दिला. साहेब दोन तास बसले आणि तिसरीतल्या एका सहलीची गोष्ट सांगून रडले. दुसऱ्या दिवशी झेफरिन आला. त्यालाही चूकच मिळाली होती, पण छडी मिळाली नाही, याचा त्याला इतका आनंद झाला होता की त्याने येताना मासे आणले होते. शनिवारी हडर्सफील्डहून फोन आला. ऑर्डिलिया हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. "पाच वर्षांनी आली रे! आणि आल्या आल्या काय म्हणाली? ताई कशी आहेस, नाही. फिनिश? चूक. एवढंच. गधडी!"

मग मागच्या रांगेतलेही येऊ लागले. एकेक जण सकाळी फाटक वाजवायचा, डोळे चोळत, कान धरून, आणि कॅन्यूटच्या ओसरीवर बसून रात्री निघालेली चूक सांगायचा. कुणी बेक, म्हणजे पिठाच्या जाड पुऱ्या, तळून आणायचं, कुणी सुक्या मासळीचं कालवण. बोलता बोलता दुपार व्हायची, माणसं जेवायलाच थांबायची. कॅन्यूट सगळ्यांचं ऐकायचा, हसायचा, आणि सगळे गेले की गप्प व्हायचा.

सगळ्यात शेवटी नर्स कुजो आली. तिचा एंडही चुकला होता. कोको पिऊन झाल्यावर कॅन्यूटने तिला विचारलं. कुणाला विचारलं नव्हतं ते.

"पर्लीन, सगळ्यांकडे येते ती. माझ्याकडे का नाही?"

नर्सने पेला खाली ठेवला. "तुम्ही तिच्या वर्गात कधी बसला नाहीत ना?"

"मी होडीवर होतो. मी कुठला शाळेत?"

"म्हणून तुम्हाला माहीत नाही. पेपर वाटून झाले की त्या बाकांमधून फिरायच्या. चुकलं असेल तिथे थांबायच्या, बोट ठेवायच्या, पुन्हा लिही म्हणायच्या. ज्याचं बरोबर असायचं त्याच्यापाशी त्या कधीच थांबल्या नाहीत. नुसत्या पुढे निघून जायच्या. आम्ही सगळे त्याचीच वाट बघायचो, की एकदा तरी टीचर आपल्याजवळ न थांबता पुढे जाव्यात."

फाटकाशी झेफरिन कुणाला तरी घेऊन उभा होता. कॅन्यूटने डोळे पुसले, कोकोचं भांडं पुन्हा चुलीवर चढवलं आणि म्हणाला, "त्यांना आत बोलव गं. सांग, टोप्या बाहेर काढून ठेवा."